शाळा सुटल्यावरचं खेळघर: मोकळा खेळ किती, करवून घेतलेला व्यायाम किती

गावात शाळा सुटल्यावर मुलांसाठी काहीतरी सुरू करावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्ही बचतगटातल्या ताई असाल, डी.एड. करून गावातच राहिलेला तरुण असाल, निवृत्त गुरुजी असाल किंवा एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी असं खेळघर चालवते. नव्याने सुरू करणाऱ्यांचे फोन येतात त्यात पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: मुलांना नुसतं खेळू द्यायचं, की रांगेत उभं करून व्यायाम घ्यायचा?

दोन्ही लागतं, पण सारख्या मापाने नाही. वेळेचा मोठा भाग मोकळ्या खेळाला द्या. खेळ कोणता, गडी कसे वाटायचे, नियम काय, हे सगळं तिथे मुलंच ठरवतात. थोडा वेळ तुम्ही आखलेल्या व्यायामाला ठेवा, आणि तो अशा मुलांना डोळ्यांपुढे ठेवून आखा ज्यांना मोकळ्या खेळात कोणी घेत नाही. एवढं धरून चाललात तर बाकीचं जमत जातं.

१. आधी आठवडाभर फक्त बघा

काही जाहीर करू नका, फलक लावू नका. शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत गावातली मुलं कुठे असतात ते बघा. पारावर कोण बसतं, देवळामागच्या मोकळ्या जागेत कोण खेळतं, मोबाइलभोवती घोळका कुठे जमतो. मुली कुठे आहेत हे मुद्दाम बघा. बहुतेक गावांत त्या पाणी भरत असतात, लहान भावंड कडेवर घेऊन दारात उभ्या असतात किंवा आई वावरातून यायच्या आत भाजी निवडत असतात.

शेतीचा हंगामही लिहून ठेवा. कापसाच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की मोठी मुलं सुट्टीच्या दिवशी वावरात असतात. सोयाबीनच्या सोंगणीत तेच. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पावसाळ्यात रोवणी चालू असते तेव्हा घर सांभाळायला थोरली मुलगीच असते. अशा दिवसांत हजेरी कमी दिसली म्हणून खेळघर फसलं असं समजू नका.

२. जागा आणि कागदपत्रं

सगळ्यात सोयीची जागा म्हणजे जिल्हा परिषद शाळेचं पटांगण. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असायला हवं असं म्हटलं आहे, पण शाळा सुटल्यावर फाटकाला कुलूप लागतं. ते उघडं राहावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तुमचं म्हणणं ऐकणारं कोणीतरी तिथे नक्की सापडतं.

ही कागदपत्रं सुरुवातीलाच एका फाइलमध्ये लावा:

- मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज: दिवस, वेळ, मुलांची अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तींची नावं लिहून
- शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत
- ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र
- खेळघर चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
- प्रत्येक मुलाचं पालक-संमतीपत्र: दोन फोन नंबर, आजार आणि चालू औषधं, मुलाला घरी कोण नेणार
- हजेरीवही आणि दुखापतीची वेगळी वही

तोंडी परवानगीवर सुरू करू नका. हेडमास्तर चांगले असतात, "घ्या ना, आपलंच मैदान आहे" म्हणतात, आणि बदली होऊन जातात. नव्यांना काही माहीत नसतं आणि दुसऱ्या दिवशी फाटक बंद. कागद असला की हा प्रश्न येत नाही. शौचालयाची किल्ली कोणाकडे राहील हेही त्याच पत्रात लिहून घ्या. शौचालय बंद असलं की दहा-अकराच्या पुढच्या मुली अर्ध्या तासात घरी जातात, आणि त्याचं कारण त्या तुम्हाला कधी सांगणार नाहीत.

रोज किमान दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई. कोणत्याही मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

३. उजेड बघून वेळ ठरवा

पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकाची नक्कल आपल्याकडे विदर्भात चालत नाही. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनअखेरीस सातच्या सुमारास. बुलडाण्याकडे दहा-बारा मिनिटं उशिरा, गडचिरोलीकडे थोडा आधी. शाळा पाचच्या आसपास सुटत असेल तर थंडीत तुमच्या हातात जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो. ताडोब्याच्या किंवा मेळघाटच्या काठावरची गावं असतील तर तेवढाही नाही. तिथे अंधाराच्या बऱ्याच आधी मुलं घरात पोचली पाहिजेत.

दिवस मोठा असेल तेव्हा दीड तास मी असा वाटते: पहिली दहा मिनिटं पाणी, खाऊ आणि हजेरी, मग वीस मिनिटं आखलेला व्यायाम, मग पन्नास-पंचावन्न मिनिटं मोकळा खेळ, शेवटी सामान आवरणं.

दिवस लहान झाला की काय कमी करायचं? नवीन माणूस इथे हमखास मोकळा खेळ कापतो, कारण व्यायाम "कामाचा" वाटतो. उलट करा. व्यायाम दहा मिनिटांवर आणा, मोकळा खेळ राहू द्या, आणि आखलेल्या व्यायामाचा मोठा तास शनिवारी घ्या. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी शाळा सकाळची असते.

याला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी शिफारस केली तिच्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याची सरासरी धरून रोज ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारी कामं त्यात असावीत. ही हालचाल शिट्टीवरच झाली पाहिजे असं त्यात कुठेही नाही. झाडावर चढणं, लंगडी, पारावरून उड्या, रस्सीखेच यात हाडांना आणि स्नायूंना पुरेसं काम मिळतं. झाडावर डाबडुबली खेळणारं पोर तासभरात जितक्या वेळा फांदीला लटकतं, तितक्या वेळा तुम्ही त्याला हुकूम देऊन लटकवू शकणार नाही.

४. आखलेला व्यायाम: रांग लावू नका

विदर्भात व्यायामाला मान आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने कबड्डीसारखे आपले खेळ तिथे करून दाखवले. गावोगावच्या आखाड्यांनीही हीच परंपरा जपली. त्यामुळे व्यायाम म्हटला की उस्ताद पुढे आणि मुलं ओळीत, हे चित्र पालकांच्या आणि आपल्याही डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पहिलवान घडवायला ते ठीक आहे. सहा ते चौदा वयाची चाळीस मुलं सांभाळायला ते पुरत नाही.

स्वतः मोजून बघा. एक मूल निवडा, मोबाइलवर वेळ लावा आणि तुमच्या वीस मिनिटांत ते मूल प्रत्यक्षात किती वेळ हलतं ते टिपा. पंधरा-पंधरा मुलांच्या दोन रांगा करून धावण्याची शर्यत घेतली तर एकेक मूल काही सेकंद धावतं आणि बाकी वेळ उभं राहून पुढच्याच्या पाठीत गुद्दे घालतं. तीच शर्यत चार-चारच्या गटांत घ्या, सगळं बदलतं.

मला चालतात ते प्रकार असे:

- मैदानावर सहा जागा आखायच्या: दोरीवरच्या उड्या, अस्वलचाल, टायर ओढणं, लंगडीने जाऊन येणं, चेंडू भिंतीवर मारून झेलणं, फळीवरून तोल सांभाळत चालणं. सहा गट, दोन-दोन मिनिटं, मग पुढची जागा.
- शिवणापाणी किंवा विषामृत, पण बाद झालेल्याने बाहेर बसायचं नाही. पाच उड्या मारून परत आत यायचं.
- आठवड्यातून दोनदा सूर्यनमस्कार, सावकाश, श्वास सांभाळून. गतीची स्पर्धा नको.

आखण्यासाठी चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. राख किंवा रांगोळी चालते.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या किंवा उठाबशा. धावणं म्हणजे शिक्षा हे एकदा मुलाच्या मनात बसलं की ते निघत नाही. शिक्षा मिळणारी मुलं बहुधा तीच असतात ज्यांना हालचालीची सगळ्यात जास्त गरज असते.

५. मोकळा खेळ: सामान द्या, खेळ देऊ नका

मोकळ्या खेळासाठी महागडी घसरगुंडी लागत नाही. १९४३ साली, डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळच्या एमड्रुपला उद्यानरचनाकार सोरेन्सन यांच्या कल्पनेतून भंगार सामानाचं एक मैदान उभं राहिलं. फळ्या, विटा, दोर, माती देऊन मुलांना हवं ते बांधू दिलं. पुढे युरोपात अशी पुष्कळ मैदानं झाली. आपल्या गावात हे सामान आधीच पडलेलं असतं: ट्रॅक्टर-मोटारसायकलचे जुने टायर, धान्याचा बारदाना, जुन्या साड्या, दोर, टोकं घासलेले बांबूचे तुकडे, लाकडी फळ्या, रेतीचा एक ढीग. त्यात दोन-चार रबरी चेंडू, कंचे, भवरे, विटीदांडूचे दोन जोड आणि लगोरीसाठी चपट्या दगडांची थप्पी ठेवा.

काय ठेवू नये तेही सांगते. पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) धसकटं टोकदार असतात, तुराट्या मोडल्या की काट्यासारख्या टोचतात. आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, बाटली किंवा पिशवी कितीही धुतलेली असली तरी आवारात येता कामा नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पोरं या डब्यांच्या गाड्या करतात. रोज सामान काढताना एकदा नजर फिरवा.

आता तुमचं काम. नवीन माणसाला हेच सगळ्यात जड जातं. मैदान पूर्ण दिसेल अशा कोपऱ्यात उभं राहायचं आणि गप्प बसायचं. "चला आता खो-खो खेळू या" म्हणायचं नाही. पहिले काही दिवस मुलं तुमच्याकडेच बघत बसतील, "मॅडम, काय खेळू?" विचारतील, निम्मी नुसती हिंडतील. तुम्हाला वाटेल वेळ वाया चालला. थांबा. कंटाळा आला की मुलं स्वतःच काहीतरी काढतात.

भांडणं होणारच. "हा रडीचा डाव खेळते" म्हणत दोघं तुमच्याकडे धावत येतील. न्याय देऊ नका. "तुमचा नियम काय ठरला होता?" एवढंच विचारा आणि परत पाठवा. नियमावरून हुज्जत घालणं हाही खेळाचाच भाग आहे. अर्धा खेळ तर त्यातच जातो, आणि जाऊ द्यावा. लहानग्याला कच्चा लिंबू करून डावात घेण्याची रीत कोणा मोठ्या माणसाने शिकवलेली नाही. सहा वर्षांचं भावंड घरी सोडून येता येत नाही आणि त्याला बाद केलं तर ते रडून खेळ मोडतं, या अडचणीतून मुलांनीच ती काढली. तुम्ही आखलेल्या कवायतीत असा नियम तयार व्हायला जागाच नसते.

तीन वेळा मात्र लगेच मध्ये पडा: कोणाला खरी इजा होण्याची चिन्हं दिसली तर, एकाच मुलाला सगळे मिळून रोज छळत असतील तर, आणि जातीवरून, शरीरावरून किंवा घरच्या गरिबीवरून शब्द गेला तर. तिसऱ्या वेळी खेळ थांबवून सगळ्यांसमोर स्पष्ट बोला.

६. मैदान मोठ्या पोरांच्या ताब्यात जाऊ देऊ नका

मोकळ्या खेळाचं गुणगान करणारे हे सहसा सांगत नाहीत. मुलांना मोकळं सोडलं की आठवड्याभरात मैदानाच्या मधोमध सातवी-आठवीच्या मुलांचं क्रिकेट सुरू होतं. मुली भिंतीकडे सरकतात, लहान मुलं फाटकापाशी, आणि अपंग मूल असेल तर ते तुमच्याजवळ येऊन बसतं. मोकळा खेळ मग दहा जणांचा उरतो.

म्हणून जागा तुम्ही वाटा, खेळ मुलांना वाटू द्या. मैदानाचे तीन भाग करा आणि मधला भाग रोज वेगळ्या गटाला मिळेल असं पत्रक लावा. क्रिकेटला आठवड्याचे दोन दिवस ठरवून द्या. मोठी पोरं चिडतील, दोन-चार दिवस येणारही नाहीत, मग येतात.

मुलींना भावंड घेऊन यायची मुभा द्या. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी सावलीत चटई टाका आणि तिथे आळीपाळीने एक मोठी बाई बसवा. असं केलं की थोरली मुलगी तासभर मोकळी होते. भाद्रपद-आश्विनात भुलाबाईची गाणी सुरू होतात तेव्हा मुलींचा घोळका आपोआप जमतो. तो जमलेला असतानाच त्यांना लंगडी, ठिक्कर, आट्यापाट्या यांसाठी मधलं मैदान मोकळं करून द्या. आखलेल्या वीस मिनिटांचा खरा उपयोगही इथेच आहे. ज्या मुलीने कधी चेंडू फेकला नाही, तिला तिथे कोणी हसायच्या आत फेकायला शिकवता येतं, आणि मग मोकळ्या खेळात ती स्वतःहून डाव मागते.

७. ऊन, वीज, साप, सिकलसेल

ऊन: आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि शाळाही उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. मार्चपासून सकाळची शाळा झाली की खेळघर साडेपाचनंतरच भरवा, आणि त्यातही आखलेला व्यायाम जवळजवळ बंद ठेवा. मोकळ्या खेळात थकलेलं मूल स्वतःच सावलीत जाऊन बसतं. रांगेतलं मूल तुमच्या धाकाने उभं राहतं आणि कोसळतं. मूल गरगरलं, असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

पाणी आणि खाऊ: शाळेतलं जेवण दुपारचं असतं. पाच वाजता मूल उपाशी असतं आणि उपाशी पोटी व्यायाम घेणं चूक आहे. मूठभर फुटाणे, शेंगदाणे-गूळ किंवा मुरमुरे पुरतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवा. हा चमचा चहाचा.

वीज: गडगडाट ऐकू आला की सगळे पक्क्या इमारतीत, झाडाखाली कोणी नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर काढू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, विजेची आगाऊ सूचना देणारं दामिनी अॅप फोनमध्ये घ्या.

साप: पावसाळ्यात फळ्या आणि टायर उचलण्याआधी काठीने हलवा. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बाबाकडे न्यायचं नाही. तो अवयव न हलवता थेट सरकारी दवाखान्यात. जवळच्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवून मग दवाखाना.

सिकलसेल: पूर्व विदर्भात आणि मेळघाटात हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे, आणि नवीन कार्यकर्त्यांना त्याची कल्पना नसते. संमतीपत्र भरताना आशाताईंना सोबत बसवा, त्यांना कोणत्या घरी रुग्ण आहे ते माहीत असतं. ही माहिती तुमच्यापुरती ठेवा, मुलांसमोर नाही. सिकलसेलच्या रुग्ण मुलाला अतिश्रम, पाणी कमी पडणं आणि थंडी या तिन्हींमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याला शर्यतीत ढकलू नका, पण घरीही बसवू नका. आपल्या गतीने खेळायला, हवं तेव्हा थांबायला आणि सारखं पाणी प्यायला मिळालं तर तो खेळतो. म्हणूनच अशा मुलासाठी मोकळा खेळ अधिक सोयीचा. किती झेपेल हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

८. "नुसतं खेळते ते, शिकवा ना काही"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. पोरगं धुळीत लोळून येतं आणि शाळेचा गणवेश मळतो, ही आईची तक्रार रास्त आहे. मुलांना जुने कपडे घालून यायला सांगा, निम्मी कटकट मिटते.

बाकी समजवायला भाषण देऊ नका. पालकांना एका संध्याकाळी बोलवा आणि त्यांच्या लहानपणीचे खेळ मुलांना दाखवायला सांगा. विटीदांडू हातात आला की पन्नाशीतला बाप अर्धा तास सोडत नाही. मग त्यांनाच विचारा, हे तुम्हाला कोणत्या मास्तरांनी शिकवलं होतं? ज्यांना कागद लागतो त्यांना सांगा की खेळणं हा मुलांचा हक्क आहे, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या ३१ व्या कलमात तो लिहिलेला आहे आणि भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला.

दोन मोहांपासून सावध राहा. पहिला, २६ जानेवारी. डिसेंबर लागला की लेझीम आणि कवायतीचं संचलन बसवून द्या अशी मागणी येते, आणि दीड महिना मोकळा खेळ बंद पडतो. आठवड्याचे दोन दिवस द्या, त्याहून जास्त नाही, आणि ज्या मुलांना यायचं त्यांनाच घ्या. दुसरा, तालुक्याच्या स्पर्धा. बारा मुलं निवडली की उरलेली तीस बघत बसतात. कबड्डी, खो-खोमध्ये चमकणारी मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळी वेळ, वेगळा माणूस शोधा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा, क्रीडांगण विकासाच्या अनुदानाचीही माहिती तिथेच मिळते. खेळघराची संध्याकाळ मात्र त्या तयारीला देऊ नका.

९. वहीत काय लिहायचं

हजेरीत मुलगे आणि मुली वेगळे मोजा. दुखापत कितीही लहान असो, त्याच दिवशी लिहा, पालकांना कळवलं त्याची वेळही. रोज एक ओळ: आज मुलांनी कोणता खेळ स्वतः काढला आणि कोण बाहेर राहिलं. महिन्याच्या शेवटी ती पानं चाळली की ठरावीक मुलांचीच नावं "बाहेर" या रकान्यात दिसतात. पुढच्या महिन्याचा आखलेला व्यायाम त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहून काढा.

परवानगीचं पत्र बहुधा शैक्षणिक वर्षापुरतंच मिळतं. नवीन वर्षाचा अर्ज, गेल्या वर्षीची हजेरी जोडून, उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत मुख्याध्यापकांकडे द्या आणि पोच घ्या. जूनअखेरीस शाळा उघडते तेव्हा सगळे प्रवेश आणि पुस्तकवाटपात असतात, त्या गडबडीत तुमचा कागद जुलैच्या मध्यापर्यंत तसाच पडून राहतो.